चिरंजीव कोण? : अमर पात्रांचे अपत्य आणि कथनाची नीती

१

मराठीत ‘चिरंजीव’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत आणि ते एकमेकांशेजारी इतक्या सहजतेने नांदतात की त्यांच्यातील विसंगती सहसा जाणवत नाही. पहिला अर्थ पौराणिक आहे. ज्याला मृत्यू नाही तो चिरंजीव. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम हे असे सात. दुसरा अर्थ व्यवहारातला आहे. चिरंजीव म्हणजे मुलगा. ‘हे त्यांचे चिरंजीव’ असे म्हणताना कोणालाही अमरत्व अभिप्रेत नसते. पत्राच्या मायन्यात धाकट्याच्या नावामागे ‘चि.’ येते, वडिलांच्या नावामागे ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप. लग्नपत्रिकेत वर ‘चि.’ असतो आणि वधू ‘चि. सौ. कां.’ असते. मराठी माणसाचे सामाजिक आयुष्य या उपपदांच्या क्रमाने पुढे सरकते : चि., श्री., ती. आणि अखेर कै. दीर्घायुष्याचा आशीर्वाद भाषेने धाकट्यासाठी राखून ठेवला आहे. वडीलधारा माणूस स्वतःला चिरंजीव म्हणवून घेत नाही. तो शब्द दुसऱ्याला द्यायचा असतो, आणि जो तो देतो त्याला आपण आधी जाणार हे मान्य असते.

या दोन अर्थांना एकत्र आणले तर एक प्रश्न उभा राहतो. जो पहिल्या अर्थाने चिरंजीव आहे त्याला दुसऱ्या अर्थाचा चिरंजीव असू शकतो काय? म्हणजे, ज्याला जायचे नाही अशाने अपत्य जन्माला घालणे याचा नैतिक अर्थ काय होतो? वरवर पाहता हा प्रश्न पुराणकथांच्या तपशिलापुरता वाटतो. परंतु अमर पात्र हे कथात्म साहित्याने केलेले एक टोकाचे गृहीतक आहे. मृत्यूची अट काढून घेतली तर पितृत्वात नेमके काय उरते आणि काय नाहीसे होते, हे त्यातून तपासता येते. प्रस्तुत लेखात महाभारत, त्यावर आधारलेल्या काही आधुनिक कृती आणि मराठी संतपरंपरेतील एक आख्यायिका यांच्या आधारे ही तपासणी करावयाची आहे.

या प्रश्नाला कोकणच्या भूमीचा एक विशेष संदर्भ आहे. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राला लागून असलेले दिवेआगर हे नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गाव. येथील शके ९८२ (इ. स. १०६०) चा ताम्रपट मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. शिलाहारांच्या, आणि एकूणच मध्ययुगीन, भूमिदानपत्रांची एक ठरलेली परिभाषा असते. दान ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर, टिकावे आणि ते ‘पुत्रपौत्रादि’ वंशजांनी उपभोगावे, असे त्यात म्हटलेले असते. ही दोन कलमे एकत्र वाचली पाहिजेत. चंद्रसूर्याचे आयुष्य दानाला दिलेले आहे, दान घेणाऱ्याला नाही. दान घेणारा मरणार आहे, त्याचा मुलगाही मरणार आहे, म्हणूनच ‘पुत्रपौत्रादि’ या शब्दाला अर्थ आहे. घेणाराच आचंद्रार्क जगला असता तर दुसरे कलम निरर्थक ठरले असते. पौत्राची पाळी कधीच आली नसती. वारसा ही संस्था वस्तूच्या टिकाऊपणावर आणि माणसाच्या नश्वरतेवर एकाच वेळी उभी असते.

२

भारतीय परंपरेत अपत्य आणि अमरत्व यांच्या संबंधाविषयी दोन भूमिका आढळतात. प्रजेच्या द्वारा मर्त्याला अमृतत्व लाभते, ही वैदिक सूक्तांतली आकांक्षा. प्रजेने नव्हे तर त्यागाने अमृतत्व लाभते, ही उपनिषदांतली प्रतिज्ञा; पुत्रैषणा ओलांडून जाणारा संन्यासी हा तिचा आदर्श. पण एका मुद्द्यावर या दोन्ही भूमिका सहमत आहेत, आणि तो मुद्दा पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. दोन्ही ठिकाणी अपत्य आणि अमरत्व हे एकमेकांचे पर्याय आहेत. ज्याला एक मिळाले त्याला दुसऱ्याची गरज नाही. दोन्ही एकाच व्यक्तीच्या हाती एकवटणे ही कल्पना यांपैकी कोणत्याही भूमिकेत बसत नाही.

महाभारताने हा पर्यायसंबंध कथेत उतरवला तो भीष्माच्या रूपाने. पित्याच्या दुसऱ्या विवाहासाठी देवव्रत अपत्याचा त्याग करतो आणि शंतनू त्याला इच्छामरणाचा वर देतो. हा सौदा आहे असे महाभारत म्हणत नाही, पण घटनाक्रम तसा आहे : ज्याला मूल होणार नाही, त्याला मरण त्याच्या संमतीवाचून येणार नाही. पुढे सारे कुल या निपुत्रिकाला ‘पितामह’ म्हणते. पिता न होता पितामह होणे ही केवळ नात्याची गुंतागुंत नव्हे. पिढ्यांच्या क्रमातील एक पायरी गाळून वर जाऊन बसणे आहे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) भीष्माच्या त्यागाची जी कठोर चिकित्सा केली तिचा रोख त्या त्यागाने इतरांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आयुष्यांची काय गत केली याकडे होता. त्या चिकित्सेला येथे एक पुस्ती जोडता येईल. भीष्माचे दीर्घत्व आणि त्याची निःसंतानता या एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत. स्वतःचे मूल नसल्यामुळे त्याला जागा सोडण्याचे कारण उरत नाही, आणि जागा न सोडल्यामुळे तो प्रत्येक नव्या पिढीच्या निर्णयांत जुन्या पिढीची प्रतिज्ञा घेऊन उभा राहतो.

सप्तचिरंजीवांची यादी या दृष्टीने पाहिली तर त्यांतील बहुतेकांना परंपरेने एक तर अपत्य दिलेले नाही किंवा जग दिलेले नाही. बळीला बाणासुरासारखा पुत्र आहे, पण बळीला स्वतःला सुतलात जावे लागते. हनुमान ब्रह्मचारी, तरीही लोककथेला त्याला मुलगा द्यावासा वाटला, तेव्हा तिने मकरध्वजाची कथा रचली. घामाच्या थेंबातून, पित्याच्या नकळत, जलचरीच्या पोटी जन्मलेला हा मुलगा पित्याला भेटतो तो पाताळाच्या दारावर, शत्रूचा पहारेकरी म्हणून. दोघांची झुंज होते, ओळख पटते आणि अखेर पाताळाचे राज्य मुलाकडे जाते. म्हणजे अमर पित्याच्या मुलाला पृथ्वीवर जागा मिळत नाही. त्याच्यासाठी दुसरा लोक शोधावा लागतो. कृपाची कथा वेगळी आहे. कौरवपक्षाचा हा अमर योद्धा युद्धानंतर परीक्षिताचा गुरू होतो. अमराने पुढच्या पिढीशी जोडावयाचा संबंध पितृत्वाचा नसून गुरुत्वाचा असावा, असे महाभारत येथे सुचवते. गुरूला शिष्य आपल्या जागी यावा अशी अपेक्षा करता येते. पण शिष्याचे अस्तित्व गुरूच्या मृत्यूची पूर्वअट धरून चालत नाही.

कोकणाच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा चिरंजीव अर्थातच परशुराम. त्याची कथा बहुधा शौर्याची किंवा क्रौर्याची म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती जागेची कथा आहे. शांतिपर्वात क्षत्रियसंहारानंतर परशुराम सारी पृथ्वी कश्यपाला दान देतो. दान स्वीकारल्यावर कश्यपाचे पहिले बोलणे असे की, आता ही भूमी माझी, तू येथे राहू नयेस. दक्षिण समुद्राच्या तीराकडे जा. तेथे समुद्र त्याच्यासाठी मागे सरतो आणि शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, निर्माण होते. कोकणाची निर्मितिकथा याच बीजातून वाढली. मर्त्य दाता दान देऊन काही काळाने निघून जातो. अमर दात्याला निघून जाण्यासाठी मृत्यू उपलब्ध नसतो, म्हणून त्याला भूगोलाने निघून जावे लागते. ज्या भूमीवर दिवेआगरसारखी गावे वसली ती, कथेच्या तर्काने, अमराला इतरत्र राहण्याचा अधिकार न उरल्यामुळे अस्तित्वात आलेली भूमी आहे.

याच परशुरामाविषयी ‘सह्याद्रिखंडा’त आणखी एक कथा येते. नव्या भूमीवर वसवलेल्या लोकांना त्याने वचन दिले की, संकटात हाक मारा, मी येईन. त्या लोकांनी संकट नसताना, केवळ परीक्षा पाहण्यासाठी, त्याला बोलावले आणि त्याने शाप दिला. ही कथा उत्तरकालीन आहे आणि विशिष्ट ज्ञातींच्या उत्पत्तीशी व प्रतिष्ठेशी निगडित आहे. इतिहास म्हणून तिला मोल नाही. कथा म्हणून तिच्यात जे ओळखले गेले आहे ते मात्र अचूक आहे. जो पालक कधीही मरणार नाही आणि हाक मारताच येईल, त्याच्या लेकरांना तो खरोखर आहे काय हे तपासून पाहण्याचा मोह होणारच. मर्त्य बापाच्या बाबतीत ही परीक्षा काळच घेतो.

दिवेआगरने या विषयाला एक अलीकडचे उदाहरणही पुरवले आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी येथील एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. सोने झिजत नाही, गंजत नाही. मर्त्य माणसाला अमरत्वाची जी पार्थिव कल्पना करता येते ती सोन्याची आहे. पण ज्याने ते पुरले त्याचा वारस ते घ्यायला आला नाही. वस्तू टिकली आणि परंपरा तुटली. २४ मार्च २०१२ रोजी मंदिरावर दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटा लुटला गेला. पुढे वितळवलेल्या स्वरूपात हाती लागलेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवून नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. अक्षय वस्तूला वारस नव्हता. वितळलेल्या वस्तूला तो मिळाला. टिकणे आणि चालू राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद येथून पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

३

अमर पित्यांच्या कथा जागेभोवती फिरतात. अमर मातांच्या कथा मुलाच्या दर्शनाभोवती फिरतात. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’त उर्वशीला पृथ्वीवर राहण्याची मुभा एका अटीवर मिळालेली असते. पुरूरव्याने आपल्या पुत्राचे मुख पाहिले की तिने स्वर्गात परतायचे. म्हणून ती जन्मलेला आयू च्यवनाच्या आश्रमात लपवते. मर्त्यांच्या संसारात मूल हे दांपत्याचे बंधन घट्ट करणारे असते; येथे ते दांपत्याची मुदत संपवणारे आहे. उर्वशीला प्रियकर आणि पुत्र यांतून एकाची निवड करावी लागते, आणि ती पुत्राला दृष्टीआड करते. नाटकाची अखेर सुखाची असली तरी तिच्यात एक मर्यादा शिल्लक आहे. इंद्र तिला राहू देतो ते पुरूरव्याचे आयुष्य असेतोवर. त्यानंतरच्या आयूच्या आयुष्यात या मातेला स्थान काय, हा प्रश्न नाटकाच्या कक्षेत येत नाही.

गंगेची कथा याहून कठोर आहे. ती सात पुत्रांना जन्मतःच पाण्यात सोडते. ते शापित वसू आहेत. त्यांच्या दृष्टीने मर्त्य जन्म हीच शिक्षा आणि तत्काळ मरण ही सुटका. मूल्यांची अशी उलटापालट केवळ अमरांच्या दृष्टिकोनातूनच शक्य आहे. शंतनूला जे बालहत्येसारखे दिसते ते गंगेच्या लेखी वचनपूर्ती असते. दोघांपैकी कोणीही खोटे नाही; त्यांच्यात सामायिक असा काळच नाही. शंतनू आठव्या वेळी प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नामुळे एक मूल वाचते. पण जे वाचते ते पुढे स्वतःच्या वंशाचा त्याग करून बसते.

येथे वंशावळीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. उर्वशीने लपवलेला आयू हा नहुषाचा पिता, नहुष हा ययातीचा पिता आणि ययातीचा पुरू हा शंतनूचा पूर्वज. अमर मातेने दडवलेल्या मुलापासून सुरू झालेला हा वंश दोन पिढ्यांनंतर मुलाचे तारुण्य घेणाऱ्या बापापाशी येतो आणि पुढे पित्यासाठी अपत्यत्याग करणाऱ्या मुलापाशी. कुरुवंशाची कथा ही केवळ राज्याच्या वारसाहक्काची कथा नाही. पुढच्या पिढीला पुढची पिढी होऊ द्यायचे की नाही, हा तिचा आरंभापासूनचा पेच आहे.

४

ययाती अमर नाही. तरीही या विषयात तो मध्यवर्ती ठरतो, कारण अमर पित्याच्या ठिकाणी जे केवळ संभाव्य असते ते तो प्रत्यक्ष करतो. पिता जाण्याचे नाकारत असेल तर त्याला लागणारा काळ कोणाच्या तरी वाट्यातून येणार. आणि तो मुलाच्या वाट्यातूनच येऊ शकतो. शुक्राचार्यांच्या शापाने आलेली जरा तो आपल्या पाच पुत्रांपुढे धरतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नाकारतात. धाकटा पुरू स्वीकारतो. महाभारतातील या प्रसंगाचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक आहे. थोरल्याला डावलून धाकट्याला राज्य कसे, असे प्रजा विचारते तेव्हा ययातीचे उत्तर असे की, जो पित्याची आज्ञा मोडतो तो पुत्रच नव्हे. म्हणजे पुत्रत्वाची व्याख्याच बदलली जाते. ज्याने आपला काळ दिला तो पुत्र; ज्याने आपला काळ राखला तो पुत्रत्वातून बाद.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक लाभले. या कादंबरीचे वाचन मराठी समीक्षेत मुख्यत्वे भोग आणि संयम या द्वंद्वाच्या अंगाने झाले, आणि खांडेकरांची स्वतःची भूमिकाही त्या वाचनाला पोषक आहे. ते वाचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कादंबरीच्या रचनेत मृत्युभयाचा धागा वासनेच्या धाग्याहून आधी येतो. नहुषाच्या मृत्युशय्येपाशी तरुण ययातीच्या मनात जे भय बसते ते त्याच्या पुढच्या भोगलालसेचे मूळ आहे. आणि नहुषाला मिळालेला शापही त्याच्या मुलांच्या सुखाविषयीचा आहे. म्हणजे कादंबरीत पहिला अन्याय पित्याकडून पुत्राकडे वारशाने येतो आणि शेवटचा अन्याय त्याच वाटेने पुढे जातो. या दोन टोकांमध्ये भोगाची कथा बसवलेली आहे.

येथे कादंबरीच्या निवेदनव्यवस्थेचा प्रश्न उपस्थित होतो. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे प्रथमपुरुषी निवेदक आहेत. तिघांनाही आपापली बाजू मांडण्याचा अवसर मिळतो. वाचकाची सहानुभूती या आत्मकथनांतून आळीपाळीने फिरत राहते. पुरूला मात्र निवेदन नाही. ज्याचे तारुण्य जाते त्याचा आतला आवाज वाचकाला कधीच ऐकू येत नाही. त्याचा त्याग आपल्याला दिसतो तो पित्याच्या आणि मातेच्या नजरेतून. कृतीने दिलेले आणि कथनाने न दिलेले यांतील हे अंतर सूक्ष्म वाटले तरी नैतिकदृष्ट्या निर्णायक आहे. ययातीने मुलाचा काळ घेतला. कादंबरीने मुलाचे बोलणे घेतले. महाभारतातील भोगाचा दीर्घ अवधी खांडेकर आखडता घेतात आणि पश्चात्तापाला जवळ आणतात, त्यामुळे पित्याचे उद्धरण कलात्मकदृष्ट्या सुलभ होते. पण पुरूच्या गमावलेल्या दिवसांचा हिशेबही त्याबरोबरच मिटतो.

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) या नाटकात, शीर्षकावरूनच स्पष्ट होते त्याप्रमाणे, पतिपत्नीचा संघर्ष केंद्रस्थानी आहे. पिढ्यांच्या संघर्षाला रंगभूमीवर तोंड फोडले ते गिरीश कार्नाड यांनी, ‘ययाति’ (१९६१) या कन्नड नाटकात. कार्नाडांनी पुरूला पत्नी दिली, चित्रलेखा. ही भर केवळ नाट्यमयतेसाठी नाही. पुरूने संमती दिली म्हणून प्रश्न सुटत नाही, कारण त्याच्या आयुष्यात आणखी एका व्यक्तीचे आयुष्य आणि न जन्मलेल्या अपत्यांची शक्यता गुंतलेली आहे. आणि त्यांची संमती कोणीच घेतलेली नाही. ज्या पौरुषाशी आपला विवाह झाला ते आता तुमच्यापाशी आहे, तेव्हा माझ्या अपत्याची जबाबदारीही तुमचीच, असा तर्क ती ययातीसमोर मांडते. तो तर्क असह्य आहे, पण त्यात चूक दाखवता येत नाही. पिता पुत्राच्या जागी राहिला तर पुत्राची सारी नाती त्याच्यावर येऊन पडतात. चित्रलेखा अखेर विष घेते, आणि ज्या पिढीचा जन्म व्हायचा होता ती तिच्याबरोबर संपते. खांडेकरांचा ययाती आत्मपरीक्षणाने जागा होतो. कार्नाडांच्या ययातीला जाग येण्यासाठी दुसऱ्याचा मृत्यू लागतो. दोन्ही कृतींत बाप बदलतो, परंतु त्या बदलाची किंमत कोण देतो हे कार्नाड लपवत नाहीत.

५

यावर एक आक्षेप संभवतो. अमर पित्याचे मूल मर्त्य असेल तर पिता मुलाची जागा अडवत नाही. उलट मुलाच्या मृत्यूचे दुःख सोसण्याची शिक्षा त्यालाच होते. अशा पात्राविषयी नैतिक आरोपाची भाषा अनुचित नव्हे काय? या आक्षेपाचे सर्वांत समर्थ उदाहरण व्यास आहे. धृतराष्ट्र, पांडू आणि विदुर हे त्याचे पुत्र. कौरव-पांडव हे नातू. या सर्वांचा जन्म त्याने पाहिला आणि सर्वांचा अंतही. शुकाच्या बाबतीत तर क्रमच उलटा होतो. मुक्तीकडे निघालेल्या मुलाला पिता हाका मारत जातो आणि मुलाऐवजी पर्वत व वृक्ष ‘भोः’ असा प्रतिसाद देतात. अमर पित्याच्या आधी मुलगा मृत्यूच्याच नव्हे तर जन्माच्याही पलीकडे जातो. शंकर व्यासाचे सांत्वन करतो ते मुलासारखी दिसणारी एक छाया सतत त्याच्या दृष्टीस राहील असा वर देऊन. अमर बापाला अपत्य म्हणून छायाच मिळू शकते, असा याचा अर्थ घेता येईल.

परंतु व्यास ययाती होत नाही, आणि याचे कारण त्याच्या मृत्यू नसण्यात नसून त्याच्या वागण्यात आहे. तो सत्तेच्या जागी कधीच बसत नाही. येतो, सांगतो, निघून जातो. आश्रमवासिक पर्वात तो गंगेतून युद्धात मेलेल्यांना एका रात्रीपुरते वर आणतो. आंधळा धृतराष्ट्र, व्यासाने दिलेल्या दृष्टीने, आपल्या मुलांची तोंडे त्या रात्री प्रथमच पाहतो. अमर पित्याने वृद्ध पुत्राला दिलेली ही भेट आहे : राज्य नव्हे, आयुष्य नव्हे, तर स्वतःच्या मुलांकडे पाहण्याची शक्ती. आणि सकाळ होताच मृत परत जातात. व्यास त्यांना थांबवत नाही. थांबवू शकला असता काय, हा प्रश्न गौण आहे. थांबवणे योग्य नाही हे त्याला कळते. तो कथेचा कर्ता आहे आणि कथेला शेवट हवा असतो, हे तो जाणतो.

पाश्चात्त्य साहित्यात हाच प्रश्न वेगळ्या अंगांनी आला आहे. ग्रीक पुराणकथेत क्रोनस आपली मुले गिळतो, कारण त्यांतील एक आपल्याला पदच्युत करील हे त्याला ठाऊक असते. ययातीच्या कथेचे हे अधिक उघड रूप. जोनाथन स्विफ्टने ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) स्ट्रल्डब्रग नावाचे अमर कल्पिले आणि त्यांच्यासाठी एक कायदाही रचला. ऐंशी वर्षे पूर्ण होताच ते कायद्याच्या दृष्टीने मृत समजले जातात आणि त्यांची मालमत्ता वारसांकडे जाते. स्विफ्टचा उपरोध बाजूला ठेवला तरी त्या कायद्यात एक नैतिक निष्कर्ष आहे. निसर्ग मृत्यू देत नसेल तर समाजाला तो कागदावर घडवून आणावा लागतो, अन्यथा मुलांना काहीच मिळणार नाही. सिमोन द बोव्हारच्या ‘सारे पुरुष मर्त्य आहेत’ (१९४६) या कादंबरीतील अमर फोस्का आपल्या मुलाला सर्व काही देऊ पाहतो; परंतु जिथे बाप कायमचाच आहे तिथे मुलाने स्वतःचे म्हणून काय करावे, याचे उत्तर त्याला देता येत नाही.

कारेल चापेकच्या ‘मॅक्रोपुलोस प्रकरण’ (१९२२) या नाटकातील एलिना तीनशेहून अधिक वर्षे जगली आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी या नाटकाच्या आधारे १९७३ मध्ये असा युक्तिवाद केला की, अमर जीवन अखेरीस कंटाळ्यातच परिणत होईल. हा युक्तिवाद प्रसिद्ध आहे, पण तो अमर व्यक्तीच्या आंतरिक अनुभवापुरता मर्यादित राहतो. चापेकचे कथानक ज्यावर चालते तो मात्र वारसाहक्काचा एक प्रदीर्घ खटला आहे. आणि त्या खटल्याच्या मुळाशी एलिनाचाच एक मुलगा आहे. तिच्यावर प्रेम करू लागलेला तरुण तिचाच वंशज निघतो. म्हणजे अमरत्वाने येथे केवळ एका स्त्रीचे मन थकवलेले नाही. नात्यांची दिशाच नाहीशी केली आहे. पूर्वज आणि प्रेयसी, वारस आणि प्रियकर यांतील फरक काळाच्या क्रमावर अवलंबून असतो. तो क्रम गेला की कोणते नाते निषिद्ध आणि कोणते विहित हे ठरवण्याचा आधार उरत नाही. अमरत्वाचा खरा दोष कंटाळा नसून ही दिशाहीनता आहे, असे म्हणावे लागते.

६

अमरत्व आणि अपत्य यांचा सर्वांत भीषण संबंध अश्वत्थाम्याच्या कथेत आहे. येथे अमरत्व वर म्हणून येत नाही, शिक्षा म्हणून येते. आणि ज्या अपराधासाठी ती येते तो मुलांविरुद्धचा अपराध आहे. द्रौपदीच्या पाच पुत्रांना तो झोपेत मारतो, नंतर उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडतो. परशुरामाच्या संहारातही क्षत्रियांचे गर्भ सुटलेले नाहीत, हे येथे आठवावे. दोन चिरंजीवांच्या नावावर न जन्मलेल्यांची हत्या नोंदवलेली असावी, हा योगायोग मानता येत नाही. जो पुढच्या पिढीला जन्मू देत नाही त्याला मागच्या पिढीत कायमचे अडकून राहावे लागते, असा न्याय कृष्णाच्या शापात आहे. त्या शापाची मुदत तीन हजार वर्षांची. लोकपरंपरेने ती अनंत केली.

या कथेची आणखी एक बाजू आहे. द्रोणाचा मृत्यू झाला तो ‘अश्वत्थामा मेला’ या वार्तेमुळे. जो मुलगा पुढे मृत्यूला पारखा व्हायचा होता त्याच्या खोट्या मृत्यूने बाप खरा मेला. द्रोणाला मुलगा चिरंजीव हवा होता, मराठी घरातल्या अर्थाने. तो झाला दुसऱ्या अर्थाने. अश्वत्थामा कायम द्रोणपुत्रच राहिला, कोणाचा पिता झाला नाही. उपपदांच्या भाषेत सांगायचे तर तो ‘चि.’वर थांबला, ‘ती.’ झाला नाही, ‘कै.’ होऊ शकला नाही. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीच्या सुमारास आदिवासी भाविकांची यात्रा भरते आणि अश्वत्थामा तेथे आहे अशी श्रद्धा आहे. जखमेवर लावायला तेल मागणारा हा फिरस्ता महाराष्ट्राच्या लोकमानसात अजून वावरतो. लोककथेने त्याला क्षमा केलेली नाही, पण त्याला आपल्या परिसरात जागा दिली आहे.

या अडकलेपणातून बाहेर पडण्याची वाट मराठी परंपरेत एका वेगळ्याच आख्यायिकेने दाखवली आहे. योगबळाने काळाला चुकवीत चांगदेव चौदाशे वर्षे जगला, अशी समजूत आहे. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून तो पत्र लिहायला बसतो आणि मायन्यापाशीच अडतो. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने ते मोठे. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर ते वयाने कोवळे. अखेर तो कोरा कागदच पाठवतो. त्यावर, चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला, असा मुक्ताबाईचा अभिप्राय परंपरेने जपला आहे. आणि ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला दिलेले उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’.

ही आख्यायिका सहसा गर्वहरणाची कथा म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत विवेचनाच्या संदर्भात तिचा अर्थ अधिक नेमका करता येतो. मायना लिहिण्यासाठी लिहिणाऱ्याला पिढ्यांच्या क्रमात स्वतःचे स्थान ठाऊक असावे लागते. चौदाशे वर्षे जगलेल्याने तो क्रम ओलांडला आहे. त्याला कोणीच वडील नाही आणि कोणीच धाकटे नाही. सारे केवळ त्याच्यानंतरचे आहेत. कागद कोरा राहतो तो विनयामुळे किंवा अहंकारामुळे नव्हे. संबोधन अशक्य झाल्यामुळे. आणि या पेचातून चांगदेव बाहेर पडतो तो कोणाचा पिता होऊन नव्हे. तो मुक्ताबाईचा, जवळजवळ मुलीच्या वयाच्या गुरूचा, शिष्य होतो. म्हणजे लेकरू होतो. परंपरेप्रमाणे पुढे तो पुणतांब्याला समाधी घेतो. काळाला चुकवणे थांबवल्यावरच त्याला कोणाशी तरी नाते जोडता आले, आणि नाते जोडल्यावर जाणे हा पराभव उरला नाही.

या साऱ्या कथांतून पितृत्वाविषयी जो निष्कर्ष निघतो तो अन्न, वस्त्र, विद्या आणि संपत्ती यांच्या यादीत सहसा येत नाही. मूल जन्माला घालणाऱ्याने केलेला एक अलिखित करार असा असतो की, तो एक दिवस जागा रिकामी करील. मर्त्य माणसाच्या बाबतीत हा करार निसर्ग पाळतो, म्हणून त्याचे श्रेय कोणी घेत नाही. अमर पात्राच्या बाबतीत तो स्वेच्छेने पाळावा लागतो. व्यास तो पाळतो, परशुरामाकडून कश्यप तो पाळून घेतो, ययाती तो मोडतो आणि अश्वत्थामा तो करारच उलथवतो. मृत्यू येणार असूनही जागा न सोडणारे पिते आणि संस्था प्रत्येक समाजात असतात. अमरांच्या कथा त्यांच्याविषयीही आहेत, आणि बहुधा त्यांच्याविषयीच अधिक आहेत.

साहित्यकृतीलाही हे लागू आहे. ‘अजरामर’ हे विशेषण मराठी समीक्षेत सढळपणे वापरले जाते. परंतु महाभारत टिकले ते अक्षय सोन्यासारखे नव्हे. खांडेकर, कर्वे, कार्नाड यांनी त्याला पुन्हा वितळवले, आणि पूर्वीच्या कृतीत ज्याला आवाज नव्हता त्याला नंतरच्या कृतीने तो देऊ पाहिला. कार्नाडांच्या चित्रलेखेने न जन्मलेल्यांच्या वतीने प्रश्न विचारला. पुरूचे आत्मकथन मात्र मराठी कादंबरीने अद्याप लिहावयाचे आहे.